तायडे मास्तरांची किळस

नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचा तो व्हिडिओ अजून लोकांच्या फोनवर फिरतो आहे. परवा आमच्या शाळेच्या शिपायाने तो मला मोठ्या कौतुकाने दाखवला. "सर, हे तुमी व्हय नं?" मीच होतो. निळ्या उजेडात पांढरी कव्हरं घातलेल्या पाच खुर्च्या, त्यांवर पाच माणसं, हातात वाद्यं, प्रत्येकासमोर नावाची पाटी. मधल्या पाटीवर 'श्री. पुंडलिक तायडे, क्लॅरिनेट' असं लिहिलेलं आहे. तिच्यामागे बसलेला माणूस पुंडलिक तायडे नाही. मी शिपायाला छान आहे म्हणालो, आणि मोरीत जाऊन थुंकून आलो.

थुंकणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग आहे. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत अशी एक भिंत दाखवा की जिच्या कोपऱ्यात खर्ऱ्याची लाल पिचकारी नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पुडीत बांधतात, माणसं ती पुडी तळहातावर चोळत बसतात, आणि मग दिवसभर गालात एक फुगा घेऊन तुमच्याशी बोलतात. या किळसवाण्या मुलखात पुंडलिक तायडे नावाच्या माणसाने आयुष्यभर फक्त स्वच्छ तोंडांचा शोध घेतला.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो बडनेऱ्यात, रेल्वे क्वार्टरांच्या मागे त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी. मी अकोल्यात मराठी शिकवतो आणि हौसेने बासरी वाजवतो. मास्तर पोलीस बँडातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या घरातले. उंच, काटक, पांढऱ्या शर्टाच्या बाहीला कडक इस्त्री. मला वाटलं, बासरी कुठली, गुरू कोण, असं काहीतरी विचारतील. ते म्हणाले, "तोंड उघडा."

मी पन्नाशीचा माणूस, तोंड उघडून उभा राहिलो. त्यांनी वाकून आत पाहिलं, वास घेतला आणि अंगणातल्या नळाकडे बोट केलं. तिथे कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याचा एक जग आणि स्टीलचा ग्लास होता. वाद्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने तीन गुळण्या करायच्या, असा त्या घराचा नियम होता.

"पयली झोपेची," मास्तर म्हणाले. "दुसरी खाल्ल्याची. तिसरी बोलन्याची. मानूस दिवसभर लय काई बोलते, सर. थे सगळं तोंडात राह्यते."

त्यांचं दुसरं वाक्य पुढे मी शेकडो वेळा ऐकलं. "किळस आली पायजे मानसाले. ज्याले किळस येत नाई, त्याले सूर समजत नाई."

दर रविवारी आम्ही पाच जण तिथे जमत असू. मास्तरांचं क्लॅरिनेट, माझी बासरी. रहीमभाईंचा सॅक्सोफोन. रहीमभाई अकोल्याचे, त्यांच्या आजोबांच्या काळापासूनची बँड पार्टी डीजेच्या भिंतींनी खाऊन टाकली होती आणि आता ते बँडच्याच जुन्या दुकानात मिक्सर दुरुस्त करत. सनई महादेवची. तो भातकुलीचा, घरची झेंडूची शेती, गावातल्या देवळात आरतीला वाजवायचा. आणि दुसरं क्लॅरिनेट सुनीताचं. ती अकोल्यातल्या एका दवाखान्यात नर्स, मुलींच्या शाळेच्या बँडपथकात शिकलेली. फुंकून वाजवायची पाच वाद्यं अशी एकत्र आमच्या भागात कुणी ऐकली नव्हती. मी मास्तरकीच्या तोऱ्यात नाव सुचवलं, 'वऱ्हाड वायुवाद्य पंचक'. मास्तर म्हणाले, "हे नाव घेता घेताच श्वास संपते, मंग वाजवाचं कवा?" पण नाव राहिलं.

रहीमभाई दिवसाला सहा खर्रे खायचे. मास्तरांनी त्यांना पहिल्या रविवारी नळावरूनच परत पाठवलं, दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी रहीमभाई नळावर पाऊण तास गुळण्या करत होते आणि मध्ये मध्ये मला सांगत होते, "सर, ये आदमी पागल है. तीस साल बारात में खर्रा खाके बजाया, किसी दूल्हेने शिकायत नहीं की." मास्तर आतून म्हणाले, "नवरदेवही खर्राच खाऊन होता, रहीमभाई." दोन महिन्यांत रहीमभाईंचा खर्रा सुटला. घरच्या बाईला जे वीस वर्षांत जमलं नव्हतं ते झालं, म्हणून तिने मास्तरांसाठी डबाभर शिरखुर्मा पाठवला.

किळस हा मास्तरांचा नुसता बोलण्याचा भाग नव्हता. एकदा तालमीत महादेवची सनई सुरापेक्षा चढली. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याखाली आम्ही घामाने भिजलेलो, कुणाचंच लक्ष नव्हतं. मास्तर क्लॅरिनेट खाली ठेवून उठले, नळावर गेले आणि ओकले. खरोखर ओकले. रहीमभाईंना वाटलं नाटक आहे. सुनीताने उठून त्यांची नाडी धरली आणि आमच्याकडे पाहून मान हलवली, नाटक नाही. महादेव बिचारा रडवेला झाला. मास्तर तोंड पुसत आले आणि म्हणाले, "तुहा दोष नाई बापा. पोटाचं काम हाय थे. घे पुन्हा, खालून घे."

त्यांची आणखी एक अट होती, खुर्चीची. पाच वादक, पाच खुर्च्या. खुर्ची नसेल तिथे वाजवायचं नाही. हिवरखेडला एका मोठ्या बागायतदाराच्या घरच्या लग्नाला आम्हाला बोलावलं होतं. मांडवात पोहोचलो तर आमच्यासाठी सतरंजी टाकलेली, हात धुण्याच्या ड्रमांना लागून. पलीकडे चपलांचा ढीग, खाली खरकट्या पाण्याचा चिखल, त्यात भाताची शितं. नवरीचा कुणी काका म्हणाला, "अथीच बसा नं मास्तर. मस्त हवा लागते."

"खुर्च्या?" मास्तरांनी विचारलं.

"बँडवाल्याईले कायच्या खुर्च्या?"

मास्तरांनी क्लॅरिनेटची पेटी उघडलीच नव्हती, ती उचलली. यजमान धावत आला, चांगला माणूस होता, हात जोडून म्हणाला, "असं उपाशी नका जाऊ, जेवून तं जा."

"जेवन याच जागी वाढान नं?" मास्तर म्हणाले. यजमानाने खाली चिखलाकडे पाहिलं आणि जोडलेले हात सोडले. आम्ही निघालो.

अकोटच्या एसटी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. रहीमभाई भुकेने इतके चिडले होते की त्यांनी खुर्ची बनवणाऱ्या सुताराच्या खानदानापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. महादेवने डझनभर केळी आणली. मास्तर एक केळं सोलता सोलता, कुणी विचारलं नसताना, एकदाच काय ते बोलले. त्याआधी आणि त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली नाही.

"माहा बाप सनई वाजवे. लग्नात. दाराबाहेर, उभा राहून. जेवन भिंतीवरून देत, वरून टाकत, हात लागू नये म्हनून. आमी धम्म घेतला, त्या सालात बापानं थे सनई फोडली अन् मायच्या चुलीत घातली. मायनं त्याच्यावर भाकरी केल्या. मी खाल्ली त्यातली एक. चांगली फुगली होती."

मास्तरांनी केळ्याचा एक घास खाल्ला.

"मंग मी पोलीस बँडात लागलो. बाप दोन वर्सं बोलला नाई माह्याशी. म्हने, जे जाळलं थेच तोंडाले लावलं पोट्ट्यानं. मंग एकदा परेड पाह्याले आला. वर्दी पायली, बूट पायले. परेड झाल्यावर मले बाजूले घेतलं अन् इचारलं, जेवाले कोठी देतात? म्हनलं, मेसमंदी. टेबलावर. म्हने, मंग वाजव."

रहीमभाईंनी हातातलं सोललेलं केळं मास्तरांच्या पुढे धरलं. मास्तरांच्या हातातलं अजून संपलं नव्हतं, तरी त्यांनी ते घेतलं. त्या दिवसापासून खुर्च्यांबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

गेल्या थंडीत मास्तरांचा वरचा, समोरचा दात हलायला लागला. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं सगळं त्या दाताच्या टेकूवर असतं, तो गेला की गेलं. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, बाजूचेही भरवशाचे नाहीत. मास्तर म्हणाले, दोन महिने थांबा. कारण त्याच सुमारास अमरावतीच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं होतं. संयोजक म्हणजे, ज्यांना सगळे भैयासाहेब म्हणतात असे एक गोड बोलणारे, जाकीट घालणारे गृहस्थ. त्यांनी मास्तरांच्या सगळ्या अटी लेखी मान्य केल्या. पाच खुर्च्या. पाच नावं. जेवण पाहुण्यांच्या टेबलावर. मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवलं. त्यानंतर ते रोज फक्त दहा मिनिटं फुंकत, दात पुरवून पुरवून. हे शेवटचं वाजवणं आहे हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

महिनाभर आधी भैयासाहेबांनी आमचं रेकॉर्डिंग करून घेतलं, अकोल्यातल्या एका स्टुडिओत. "आठवण म्हणून असू द्या," म्हणाले. मांड रागातली एक धून, मास्तरांनीच बांधलेली. तिच्या मध्यावर मास्तर एकटे वाजवतात, आणि मग ज्या लांब तानेत आम्ही चौघे त्यांना येऊन मिळतो, तिच्या आधी ते पोट भरून श्वास घेतात. रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास मोठ्याने आला होता. स्टुडिओवाल्याने विचारलं, हा काढून टाकू का? मास्तर म्हणाले, "राऊ द्या. वाजवनारा जिता होता, हे समजलं पायजे."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला आम्ही पोहोचलो. खुर्च्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. पाट्या होत्या. मास्तर आपल्या पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "माइक नाई लावले अजून?"

भैयासाहेब हसले. "माइक कायले पायजे मास्तर? ट्रॅक लावून राह्यलो नं आपण. ड्रोन हाय, लाइटिंग हाय, सगळं सेकंदावर बसवलं हाय. तुमी फक्त बसाचं अन् बोटं हलवाची. अन् फुंकाचं नाई बरं का, आवाजात आवाज मिसळते. पत्त्याच काढून ठेवा."

पत्ती म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी. तिच्यावर ओठ टेकतात, तीच थरथरते. ती काढली की क्लॅरिनेट नुसतं लाकूड. मास्तर भैयासाहेबांकडे पाहत राहिले. मग आमच्याकडे वळले.

आता मला सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात आधी मी बोललो. माझी सून, व्याही आणि शाळेतले निम्मे सहकारी संध्याकाळी येणार होते. उभ्या आयुष्यात माझं नाव पहिल्यांदा कुठल्या पाटीवर आलं होतं. मी म्हणालो, "मास्तर, आवाज आपलाच आहे की. कुणा दुसऱ्याचा थोडाच आहे? आणि तुमच्या दातालाही त्रास नाही."

मास्तर माझ्याजवळ आले. "सर, तुमाले किळस नाई आली?"

"यात किळस येण्यासारखं काय आहे?" मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू डॉक्टरने सांगितलेलं निदान त्यांना पटलं. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, पेटीतलं पत्र काढून आपल्या खुर्चीवर ठेवलं आणि बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरून गेले. त्यांच्यामागे जायला आमच्यापैकी कुणीही उठलं नाही. रहीमभाईंना आपली बंद पडलेली बँड पार्टी ज्यांनी पाहिली त्या लोकांना दाखवायचं होतं की आपण अजून आहोत. महादेवच्या गावाहून टेम्पो भरून माणसं निघाली होती. सुनीताने हातापाया पडून रजा मिळवली होती. प्रत्येकाचं कारण चांगलंच होतं. तिघांनी पत्त्या काढल्या. सुनीताने आपली पत्ती रुमालात गुंडाळली. बासरीला पत्ती नसते, त्यामुळे मला काढून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

भैयासाहेबांना रिकामी खुर्ची चालणार नव्हती, ड्रोनमधून खड्डा दिसला असता. त्यांनी पडदे लावणाऱ्यांपैकी एक उंच माणूस बोलावला, त्याला झब्बा घातला, डोक्याला फेटा बांधला. रहीमभाईंच्या पेटीत जुन्या बँडमधलं एक मोडकं क्लॅरिनेट कायम असायचं, बापाची आठवण म्हणून. भैयासाहेबांनी ते मागितलं आणि रहीमभाईंनी दिलं. त्या माणसाच्या गालात खर्रा होता. भैयासाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "असू दे, उलट फुंकून राह्यल्यासारखं दिसते."

आणि खरंच तसं दिसलं. ट्रॅक सुरू झाला, निळा उजेड पडला, खाली हजारभर माणसं. आम्ही बोटं हलवत होतो. आवाज स्वच्छ होता, मोठा होता, आमच्याहून बरा होता. मला आनंद झाला, हेही सांगून टाकतो. मी व्याह्यांना शोधत होतो.

मग तो श्वास आला. एवढ्या मोठ्या स्पीकरांमधून मास्तरांचा श्वास सगळ्या सभागृहात भरला. माझ्या शेजारच्या फेटेवाल्याची छाती जागची हलली नाही, त्याला माहीतच नव्हतं. पण आम्ही चौघांनी सवयीने मास्तरांबरोबर श्वास घेतला. वर्षानुवर्षं त्या जागी घेत आलो होतो. आणि तो छातीत भरल्यावर त्याचं काय करायचं ते मला कळेना. फुंकायचं नव्हतं. मी बासरी ओठाला लावून तोंड मिटून बसलो आणि ती हवा नाकाने थोडी थोडी सोडत राहिलो, चोरून.

टाळ्या कोसळल्या. प्रमुख पाहुणे मंचावर आले आणि त्यांनी फेटेवाल्याच्या खांद्यावर शाल घातली. "वा मास्तर, या वयात काय दम आहे." तो माणूस पन्नाशीचाही नव्हता. त्याला बोलता येईना, थुंकताही येईना, त्याने हसून मान लववली आणि ओठाच्या कोपऱ्यातून एक लाल ओघळ रहीमभाईंच्या बापाच्या क्लॅरिनेटवर उतरला. रहीमभाई समोर बघत होते. नंतर पाहुण्यांच्या टेबलावर जेवण झालं, ठरल्याप्रमाणे. मी गुलाबजाम दोनदा घेतला.

त्यानंतरचे तीन रविवार मी बडनेऱ्याला गेलो नाही. चौथ्या रविवारी गेलो, तो काय बोलायचं ते पॅसेंजरमध्ये पाठ करत. मास्तर अंगणात खाटेवर बसले होते. समोरचा दात नव्हता, बाजूचा एकही गेला होता. कडक इस्त्रीचा शर्ट तसाच होता, पण चेहऱ्याचा खालचा भाग आत ओढला गेला होता. क्लॅरिनेटची पेटी शेजारी होती, बंद.

"या सर," म्हणाले. शब्दात हवा सुटत होती. "सुनीतानं दाखवलं मले तिच्या फोनवर. श्वास ठेवला त्याईनं."

मी पाठ केलेलं बोलू लागलो, की चूक झाली, मोह झाला, मी माफी मागायला आलो. मास्तरांनी मला पूर्ण होऊ दिलं नाही. ते उठले, माझ्याजवळ आले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी वाकून आत पाहिलं, वास घेतला, बराच वेळ घेतला. आणि नळाकडे बोट केलं.

जग तिथेच होता. ग्लास तिथेच होता. मास्तरांनी स्वतः भरून दिला. मी पहिली गुळणी केली, मग दुसरी, मग तिसरी. पाणी कडू जहर लागत होतं. ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं. मास्तरांनी तो उचलला आणि पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. ही कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घेतला, खळखळून थुंकलो, आणि मागे वळलो तेव्हा ते पाचवा ग्लास भरत होते.